दुखणं आवरलं म्हणून श्वास घेता आला

बायपास करून आलेल्या माणसाला भेटायला येणारे ठरलेले प्रश्न विचारतात. किती नळ्या बंद होत्या, खर्च किती आला, डॉक्टर कोण होते. भूल कोणी दिली हे कोणी विचारत नाही. मलाही ते विचारायचं सुचलं नसतं. पण ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस मी धड श्वास घेऊ शकलो तो भुलीच्या डॉक्टरांमुळे, म्हणून हे लिहायला बसलो.

घर मध्य प्रदेशातल्या बालाघाटला, नोकरी वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये. मी मुनीम. धान भरडायच्या दिवसांत मिलमध्ये कोंढ्याची धूळ चोवीस तास तरंगत असते. वहीवर, चष्म्यावर, जेवणाच्या डब्यावर तीच. त्यात तरुणपणापासूनची बिडी. आमचा मुलूख तेंदूपत्त्याचा, बिडी ओढणं कोणाला व्यसन वाटायचंच नाही. पुढे ती सुटली, पण सकाळचा खोकला सुटला नाही. थंडीत दोन जिने चढलो की छातीत शिट्टी वाजायची. म्हणून छातीत पहिल्यांदा आवळल्यासारखं झालं तेव्हा घरच्यांना वाटलं, जुना दमाच वर आला.

तो दमा नव्हता. ईसीजी झाला, गोळ्या सुरू झाल्या आणि 'नागपूरला दाखवा' असं सांगितलं गेलं. 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. नंतर सरकारी कागद भोपाळला जाऊ लागले, आजारी माणूस मात्र अजून गोंदिया-भंडाऱ्यावरून नागपूरच गाठतो. तिथे अँजिओग्राफी झाली. तिन्ही मुख्य नळ्यांत अडथळे, स्टेंटचं काम नाही, बायपासच करावी लागेल.

बायपासची मला भीती होती ती वेगळ्या कारणाने. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, बायपास बऱ्याच वर्षांपूर्वी झाली होती. हृदयाचं काम उत्तम झालं होतं. पण शुद्धीवर आल्यावर त्याला खोकता येईना. खोकायला गेला की छातीचं कापलेलं हाड असं कळवळायचं की अर्धा खोकला घशातच गिळून टाकायचा. दुखू नये म्हणून श्वासही वरवरचा घ्यायचा, हलायचा नाही, कोणी उठवायला आलं तर हात जोडायचा. आम्हाला वाटायचं, पडून आहे म्हणजे आराम करतोय. आत कफ साचत गेला, न्यूमोनिया झाला आणि त्याला पुन्हा व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. त्यातून तो वाचला. पण ऑपरेशनची आठवण निघाली की तो हृदयाबद्दल बोलत नसे, खोकल्याबद्दल बोले. मला म्हणाला होता, "अरे, हार्टचं काही वाटलं नाही मला. पण तो खोकला वैऱ्यालाही नको."

त्यामुळे ऑपरेशनच्या आधी भुलीच्या डॉक्टर मॅडम तपासायला आल्या तेव्हा मी पहिलं दादाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, किती बिड्या ओढायचो ते विचारलं, मिलमधल्या धुळीचं विचारलं. म्हणाल्या, "काका, तुमच्या हृदयाची काळजी सर्जन करतील. मला तुमच्या फुफ्फुसांची जास्त काळजी आहे."

त्यांनी जे समजावलं ते मला पटलं, कारण दादाच्या बाबतीत ते डोळ्यांनी पाहिलं होतं. बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापून दोन्हीकडे फाकवतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी शिवतात. छातीच्या आतून एक धमनी सोडवून घेतात, त्यासाठी डावी बाजू जास्त ताणली जाते. रक्त आणि पाणी बाहेर यावं म्हणून ड्रेनच्या नळ्या ठेवतात, त्याही टोचतात. या सगळ्यामुळे पहिल्या दोनेक दिवसांत फुफ्फुसात हवा भरण्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. श्वास खोल गेला नाही की फुफ्फुसाचे खालचे भाग मिटतात. खोकला आला नाही की तिथेच कफ साचतो. माझ्यासारख्या धूळ आणि बिडी खाल्लेल्या फुफ्फुसाला एवढं पुरे असतं.

मी म्हटलं, "मग दुखण्याचं इंजेक्शन द्या ना भरपूर."

त्या हसल्या. मॉर्फिनच्या जातीची औषधं भरपूर दिली तर दुखणं थांबतं, पण माणूस गुंगीत जातो, श्वास मंदावतो, मळमळतं, पोट साफ होत नाही. म्हणजे ज्यासाठी दुखणं थांबवायचं तेच बिघडतं. मेंदूला गुंगी न आणता छातीकडून येणाऱ्या नसाच काही काळ बधिर करता आल्या, तर माणूस जागा राहून खोकू शकतो. हे त्यांना माझ्या बाबतीत करायचं होतं.

मुनीम माणूस, आकडा ऐकल्याशिवाय माझं समाधान होत नाही. हे नवीन आहे का, किती जणांवर केलं, असं मी विचारत गेलो आणि त्याही न कंटाळता सांगत गेल्या. कल्पना जुनी होती. बंगळुरूला डॉ. मुरली चक्रवर्ती आणि हृदयशल्यविशारद डॉ. विवेक जवळी यांच्या चमूने पाठीच्या मणक्यांमधून एपिड्युरलची बारीक नळी घालून हृदयाची ऑपरेशनं केली होती. अशा 2,113 रुग्णांचा हिशेब त्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केला. काही रुग्णांची बायपास तर पूर्ण भूल न देता, जागेपणीच केली होती. ऐकून माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. मॅडम तिला म्हणाल्या, "काकू, यांना आम्ही झोपवणार आहोत, घाबरू नका."

पण एपिड्युरलमध्ये सुई मज्जारज्जूच्या अगदी शेजारच्या पोकळीत जाते. बायपासमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि मी आधीपासून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर होतो. त्या बंद केल्या होत्या तरी धोका उरतो. पोकळीत रक्त साचलं तर मज्जारज्जू दाबला जातो, पाय लुळे पडू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर फार वाईट. म्हणून अनेक ठिकाणी हृदयाच्या ऑपरेशनला एपिड्युरल द्यायला डॉक्टर कचरतात.

2016 मध्ये कॅनडातल्या डॉ. मॉरिसिओ फोरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी जागा दाखवली. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना जे लांब उभे स्नायू असतात, त्यांच्याखाली, मणक्याच्या आडव्या हाडावर औषध सोडायचं. तिथे मज्जारज्जू जवळ नाही, मोठी रक्तवाहिनी नाही. याला इरेक्टर स्पायनी ब्लॉक म्हणतात. औषध एकाच ठिकाणी सोडतात पण पसरतं वर-खाली. आमच्याकडे धानाच्या एका बांधीत सोडलेलं पाणी बांधाखालून झिरपत शेजारच्या दोन-चार बांध्या ओल्या करतं, तसं ते एका मणक्यापाशी सोडलं तरी वरच्या-खालच्या फासळ्यांच्या नसांपर्यंत पोचतं.

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा उपयोग होतो का, हे आपल्याकडेही तपासलं गेलं आहे. बंगळुरूच्या जयदेव संस्थेत 50 रुग्णांवर एपिड्युरल आणि हा ब्लॉक यांची तुलना केली, तेव्हा नवा ब्लॉक जुन्याच्या बरोबरीने उतरला. तो अभ्यास 2018 चा. दिल्लीच्या एम्समध्ये 106 रुग्णांच्या अभ्यासात ब्लॉक घेतलेल्यांचं दुखणं सुमारे नऊ तास आटोक्यात राहिलं, नुसतं पॅरासिटॅमॉल आणि ट्रॅमाडॉल घेतलेल्यांचं साडेचार तासांच्या आसपास. मॅडमनी पुढचंही लपवलं नाही. हे अभ्यास लहान आहेत, सगळ्यांचा कौल सारखा नाही, आणि छातीच्या अगदी मधोमध हे औषध प्रत्येकाला सारखंच लागू पडेल असं नाही. "दुखणार नाही असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "खोकता येईल इतकं कमी करायचं आहे."

ऑपरेशनच्या सकाळी थिएटरमध्ये मला टेबलाच्या कडेला बसवलं. पोटाशी उशी दिली आणि वाकायला सांगितलं. समोर एक सिस्टर खांदे धरून उभी. पाठीवर गार जेली लागली, त्यावर सोनोग्राफीचं यंत्र फिरू लागलं. मला पडदा दिसत नव्हता, पण मॅडम शिकाऊ डॉक्टरांना दाखवत होत्या ते ऐकू येत होतं. हा वरचा स्नायू, हा मधला, हा खालचा आणि हे पांढरं दिसतंय ते हाड. आधी कातडी बधिर करायची सुई चावली. मोठ्या सुईचं नुसतं दडपण जाणवलं, खोलवर कोणी अंगठा रोवावा एवढंच. दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी ठेवून वरून पट्टी चिकटवली, म्हणजे नंतरही औषध देता येईल. औषधाचं प्रमाण माझ्या वजनावर काढलं होतं. जास्त झालं तर ते रक्तातून मेंदूला आणि हृदयाला त्रास देतं, म्हणून त्या सारखा आकडा मोठ्याने म्हणत होत्या आणि सिस्टर तो पुन्हा म्हणत होती. मिलमध्ये पोती मोजताना आम्ही असंच करायचो. मग मला आडवं केलं. त्यानंतरचं काही आठवत नाही.

जागा झालो तेव्हा घशात नळी होती. "काका, माझा हात दाबा," कोणीतरी म्हणालं. मी दाबला. काही वेळाने नळी काढली आणि त्याबरोबर खोकला आला. दादाचा खोकला माझ्या डोक्यात इतका बसला होता की मी अंग आवळून घेतलं. खोकला येऊन गेला. छातीवर भलं मोठं ओझं ठेवल्यासारखं वाटलं, मधोमध ओढल्यासारखं झालं, पण सुरी फिरली नाही. सिस्टरने घडी केलेला टॉवेल हातात दिला, "छातीशी घट्ट धरा आणि परत खोका." मी परत खोकलो. कफ आला. तो पाहून तिला झालेला आनंद मला तेव्हा समजला नाही.

सगळं गोड होतं असंही नाही. ब्लॉक छातीचा होता आणि पायातली शीर काढली होती ती जागा चटचट भाजत होती. ड्रेनच्या नळ्या छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या टोकाला बाहेर आल्या होत्या. ब्लॉक तिथवर पुरता पोचला नव्हता. मोठा श्वास घेतला की तिथे टोचायचं. त्यासाठी वरून पॅरासिटॅमॉलचं सलाईन आणि कधी थोडं गुंगीचं औषध दिलं जाई.

खरी परीक्षा त्या तीन चेंडूंच्या यंत्राची. हे यंत्र बायपासच्या बहुतेक रुग्णांना मिळतं. प्लास्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक चेंडू, वर 600, 900 आणि 1200 असे आकडे छापलेले. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, जितकी जोरात ओढाल तितके चेंडू वर जातात. ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवलं तेव्हा मी दोन चेंडू सहज वर नेत होतो, तिसरा नुसता थरथरायचा. अनेकजण यात फुंकर मारतात. माझ्या शेजारचे गृहस्थही फुंकत होते आणि चेंडू का हलत नाही म्हणून यंत्रालाच शिव्या देत होते. हे यंत्र फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. चेंडू झटक्यात उडवून उपयोग नाही, वर गेलेला थोडा वेळ वर ठेवता आला पाहिजे.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवल्यावर पहिला चेंडू वर गेला. पाठीच्या नळ्यांतून औषधाचा पुढचा डोस दिल्यावर दुसराही उचलला. त्या रात्री कूस बदलताना उजवीकडची नळी निसटली. मला ते कळलं नाही. पहाटे एवढंच कळलं की छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला ठणका लागला आहे. श्वास अर्ध्यावर अडू लागला. खोकला आला तो मी गिळला, अगदी दादासारखा. फिजिओ आली, यंत्र तोंडाला लावलं. पहिला चेंडू जागेवर डुलला आणि बसला. तिने चेंडूकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि व्यायाम थांबवून थेट भुलीच्या डॉक्टरांना फोन केला. "यांना व्यायाम सांगून उपयोग नाही, आधी दुखणं थांबवा," हे तिचं वाक्य मला आजही पाठ आहे.

रात्रपाळीचे तरुण डॉक्टर सोनोग्राफी यंत्र ढकलत आले. आता मला पालथं करणं शक्य नव्हतं. त्यांनी पुढूनच, छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला, पट्टीच्या बाहेर, फासळ्यांमध्ये औषध सोडलं. असाही ब्लॉक असतो, आणि छातीच्या मधल्या भागासाठी तो पाठीच्या ब्लॉकपेक्षा जवळचा. चहा यायच्या वेळेपर्यंत ठणका बोथट झाला. फिजिओ परत आली. पहिला चेंडू वर, दुसराही वर. त्याच छातीत, त्याच फुफ्फुसात, सकाळच्या आणि चहाच्या वेळेत फरक फक्त दुखण्याचा होता. हे मी स्वतःवर पाहिलं, म्हणून मला कोणी आकडे दाखवले नाहीत तरी चालेल.

एक्स-रेमध्ये डाव्या फुफ्फुसाचा तळ थोडा मिटलेला दिसला. बायपासनंतर असं पुष्कळांना होतं म्हणे. चालणं, खोकणं आणि चेंडू, एवढ्यावर तो उघडला. ताप आला नाही. व्हेंटिलेटरवर परत जावं लागलं नाही. सगळं श्रेय ब्लॉकला देणार नाही. दादाचा काळ वेगळा होता, माझी बिडी आधीच सुटली होती, मला लवकर उठवून बसवलं होतं, आणि फिजिओची मुलगी सावकारासारखी वसुलीला यायची. पण उठून बसता आलं आणि तिच्यासमोर खोकता आलं, ते दुखणं आवरलेलं होतं म्हणून.

बालाघाटला परत आल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मोठा श्वास घेऊ नका, टाके तुटतील. एक जुने मिलवाले म्हणाले, दुखत असेल तर सहन करा, गोळ्यांची सवय लागते. दोघांची माया खरी, सल्ला मात्र दोघांचाही चुकीचा. खोल श्वासाने तारा तुटत नाहीत. तारा तुटायचा धोका असतो तो वजन उचलण्याने, हात टेकून उठण्याने, स्कूटर ढकलण्याने. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर ते टाळायचं. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर घेतली तरच चालणं आणि खोकणं होतं. घरी मी छातीशी उशी धरून खोकायचो आणि ओसरीत बसून चेंडू ओढायचो. तिसरा चेंडू वर गेला त्या दिवशी नातवाने टाळ्या वाजवल्या. आता तो यंत्र खेळायला मागतो, आणि मी देत नाही.

मिलमधल्या एका ट्रकचालकाच्या मोटरसायकलला मागे अपघात झाला, फासळ्या मोडल्या. त्याला पाहायला गेलो तर तो दादासारखाच पडलेला होता, श्वास तोडका, खोकला गिळलेला. मोडलेल्या फासळ्यांसाठीही हाच पाठीचा ब्लॉक देतात, असं मला मॅडमनी सांगितलं होतं. त्यासाठी हृदयाचं थिएटर लागत नाही. सोनोग्राफी यंत्र, औषध आणि हे काम शिकलेला भूलतज्ज्ञ लागतो. रस्त्यावरचे अपघात आणि खाणी असलेल्या आमच्यासारख्या जिल्ह्यात ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणीच असायला हवी, नागपूरच्या वाटेवर चार तास कण्हत जाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

बायपास ठरलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना माझं सांगणं एवढंच. सर्जनला भेटाल तसं भुलीच्या डॉक्टरांनाही आधी भेटा. ऑपरेशननंतर दुखणं कसं आवरणार, ब्लॉक देता येईल का, माझ्या बाबतीत त्यात धोका काय, हे स्पष्ट विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा, बिडी, काही लपवू नका. चेंडूंचं यंत्र ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या. आयसीयूत दुखत असेल तर दात आवळून पडून राहू नका, सिस्टरला सांगा. आणि बिडी चालू असेल, तर ऑपरेशनच्या तारखेची वाट न पाहता आजच बंद करा.